जिंकलेलं पोलाद

दारूखान्यात आता दारू नाही,
म्हणजे तोफेची.
दुसरी मिळते, रे रोडच्या पुलाकडे.
इथे जहाजं येतात मरायला
भरतीच्या पाण्यावर, ओढत आणलेली,
आणि मी त्यांचं वजन लिहितो.
भालचंद्र तोडणकर, काटेवाला. अडतीस वर्षं.

मागच्या पौषात ती आली.
राखाडी. फार पूर्वी एक लढाई जिंकलेली.
तेलाचं जहाज तुटताना इथे कुत्रं फिरकत नाही,
हिच्यासाठी गेटवर माणसं,
चपला सांभाळत, चिखलात, फोन वर धरून.
शेठने दोन भाव लावले:
साधं पोलाद किलोवर,
जिंकलेलं पोलाद तुकड्यावर.
मी म्हटलं, काट्याला कसं कळायचं?
म्हणाला, काट्याला नाही कळलं तरी चालतं,
गिऱ्हाइकाला कळतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो.
आईने भाताची खळ करून
खिडकीच्या काचांना काळा कागद डकवला.
भोंगा झाला की स्टोव्ह बंद.
भात अर्धा शिजलेला, तसाच पातेल्यात,
आणि आम्ही चौघं मोरीच्या भिंतीला पाठ लावून.
खाली परुळेकर शिटी फुंकत फिरायचे,
लाइट, लाइट, तिसरा मजला, लाइट!
त्या अंधारात युद्धाबद्दल
कुणाचंच काही मत नव्हतं.
बाबांचा गुडघा हलत होता एवढं आठवतं.

मग एका संध्याकाळी जिंकलो.
परुळेकरांनी बत्तासे वाटले.
आई म्हणाली, संपलं एकदाचं,
आणि कागद सोलायला बसली.
खळ पक्की धरली होती. नखं तुटली तिची.
वरच्या कोपऱ्यात राहिला तो राहिलाच,
तळहाताएवढा.
वर्षभरात आम्ही पोरं त्याला
विजयाचा कागद म्हणू लागलो.
पाहुण्यांना दाखवायचो.
आई दाखवत नसे.

माझा मुलगा ठाण्याला असतो, बँकेत.
स्वभावाने गरीब, झुरळ मारायला बायकोला बोलावतो.
रात्री बातम्या बघता बघता म्हणतो,
होऊन जाऊ दे एकदाचं.
तेच एकदाचं.
मी त्याला काही बोलत नाही.
काय सांगणार, मीसुद्धा तो कागद
दहा वर्षं मिरवला.

परवा परळच्या टॉवरमधले एक गृहस्थ आले,
सोबत आठेक वर्षांचा मुलगा.
गोळी लागलेला तुकडा आहे का?
म्हटलं, हिला लागली नव्हती.
मग निदान जवळून गेलेली?
शेठ म्हणाला, आहे, आहे.

तेवढ्यात मुस्तकीमने हाक मारली.
बॉयलरखोलीचा पत्रा कापत होता.
ज्योतीने रंग फुगून सुटला,
राखाडी, त्याखाली राखाडी,
त्याखाली पिवळट पांढरा,
आणि त्याखाली खिळ्याने ओरखडलेलं, वाकडं:
आई, भूक लागत नाही.
नाव नाही. तारीख नाही.
मुस्तकीम म्हणाला, पढ़ा मैंने, भूखवाला पढ़ा,
आणि चष्मा कपाळावर सारून उभा राहिला.

मुलाने एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं.
मग विचारलं, का नव्हती लागत?
गृहस्थ क्षणभर पत्र्याकडे बघत राहिले.
म्हणाले, आपण जिंकलो ना बाळा.
आनंदाने.

त्यांनी दुसरा घेतला. गुळगुळीत, राखाडी,
टेबलावर उभा राहील असा.
मुलगा गाडीत बसेपर्यंत
दोनदा मागे वळला.

हा मी काट्यावर ठेवला.
अकरा किलो चारशे.
अक्षरं कोरली तेव्हा
जेवढं पोलाद खरवडून गेलं असेल
तेवढं कमी.
वहीत दोनच रकाने आहेत.
बराच वेळ पेन धरून बसलो,
मग लिहिलं,
साधं.